लोगोभोवतीचा पांढरा डबा

बॅनरवर लोगो ठेवला की भोवती पांढरा डबा दिसतो, ती जेपीजी या प्रकारच्या चित्र-फाइलची खोड. तिच्यात पारदर्शकता नसतेच. पारदर्शक मागच्या बाजूची पीएनजी फाइल मागवा. नाहीच मिळाली तर फोटोशॉपमध्ये लोगोच्या लेयरचा (थराचा) मोड मल्टिप्लाय करा, म्हणजे पांढरं नाहीसं होऊन मागचा रंग दिसतो, पण मागचा रंग फिकट असेल तरच. रावेरकडच्या एका केळी उत्पादकांच्या गटाच्या बॅनरला मी गडद हिरव्यावर तेच केलं, तर लोगोतला पिवळाधमक घड हिरवा होऊन पानांत गडप! शेवटी पेन टूलने कडेकडेने रेघ आखून लोगो कापला आणि लेयर स्टाइलमधून बाहेरच्या बाजूने पांढरा स्ट्रोक (किनार) दिला, तेव्हा कुठे उठून दिसला. ड्रॉप शॅडो, म्हणजे लोगोमागची सावली, हलकीच ठेवा, छापलेल्या फ्लेक्सवर ती काजळी वाटते. आणि लोगो लहान करण्याआधी त्याचा लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे मूळ चित्र आत जपलं जातं. मग मूळ मापापर्यंत परत मोठा केला तरी फाटत, म्हणजे धूसर होत, नाही.