मोठ्या मिलिंग मशीनवर विमानाचे पार्ट काढलेले कोणी आहे का इथे?

नवा_ऑपरेटर:
सहा महिने झाले, विमानाचे पार्ट बनतात तिथे फाइव्ह ॲक्सिस गँट्रीवर (बेडच्या वरून सरकणारी, कटर पाच अक्षांत फिरवणारी मोठी मिलिंग मशीन) लागलोय. बेड एवढा लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा कटर नीट दिसत पण नाही. काल एक रिब (पंखाच्या आतली फासळी) काढली, प्लेट क्रेननं चढवली होती आणि झालेला पार्ट मी एकट्यानं उचलून खाली ठेवला, बाकी सगळा माल चिप्समध्ये!! सिनियर म्हणतात तुम्हाला सगळं आयतं मिळालं, आमच्या वेळी टेप होती. पुढे विचारलं की नुसते हसतात. टेपवर काम केलेलं कोणी असेल तर सांगा ना.

टेपवाला:
मी केलंय. एक इंच रुंद पट्टी, त्यात आठ ओळींत भोकं, त्या भोकांतच मशीनचा सगळा प्रोग्राम, आणि मोठ्या पार्टची टेप म्हणजे भेंडोळंच. तेलकट हात लागला, कुठे फाटली की रीडर चुकीचं वाचणार. म्हणून नवीन टेप आली की आधी जॉबच्या, म्हणजे कापायच्या मालाच्या, वर हवेत चालवून बघायची, तासन्‌तास कटर हवेतच फिरतोय आणि आपण मान वर करून बघतोय. तुमच्यासारखं स्क्रीनवर सिम्युलेशन वगैरे काही नाही. त्याच्याही आधीचे लोक ट्रेसरवर होते, म्हणजे टेम्प्लेटच्या कडेनं बोट फिरणार आणि तसाच कटर. आणि हे एनसी, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रामवर मशीन चालवायचं, प्रकरण विमानामुळेच आलं बरं का, पार्सन्स म्हणून होते ते हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या आकाराची डोकेफोड करत होते त्यातून कल्पना निघाली, मग अमेरिकन हवाई दलानं पैसे लावले आणि एमआयटीनं 1952 मध्ये सिनसिनाटीच्या एका मिलिंग मशीनवर करून दाखवलं.

माझी न विसरता येणारी आठवण व्हॅक्यूमची. पंखाची स्किन, व्हॅक्यूम बेडवर, म्हणजे खालून हवा खेचून धरलेली, रात्रपाळी. खोबणीतली रबराची दोरी एका जागी नीट बसली नव्हती, ती मीच बसवली होती. गेजचा काटा हळूहळू खाली येत होता आणि मी कटरकडे बघत बसलो. कोपरा उचलला, कटर आत घुसला, असा आवाज झाला की पलीकडच्या मशीनवाले धावत आले. शेवटून दुसरा पॉकेट (कोरून काढायचा खोलगट कप्पा) होता हो. तेव्हापासून मी आधी गेज बघतो मग कटर.

टायटॅनियमनं_मारलेला:
ॲल्युमिनियमवाले नशीबवान आहात. त्यात मिनिटाला हजार मीटरच्या वर कटिंग स्पीड आरामात घेता, आम्ही पन्नास-साठवर रांगत असतो. टायटॅनियम उष्णता वाहूनच नेत नाही, सगळी कटरच्या धारेवर बसते, म्हणून एक खोल पॉकेट म्हणजे कधीकधी अख्खी शिफ्ट. आणि मधे थांबून कटर एका जागी नुसता घासू द्यायचा नाही, धार गेलीच समजा. बारीक चिप्सना आग लागू शकते हे पण लक्षात ठेव, तिथे पाणी मारायचं नाही, धातूच्या आगीचं वेगळं विझवायचं असतं. आमच्याकडे एकदा नवीन पोरगा बादली घेऊन पळत आला होता, कोणीतरी त्याला कमरेला धरून थांबवला 😄

नवा_ऑपरेटर:
बापरे. पण माझी खरी अडचण वेगळी आहे, रिब मशीनवर असताना मापात असते आणि सोडली की वाकते. प्रोग्राम चुकतोय का?

इन्स्पेक्शनवाली:
प्रोग्राम चुकलाच असेल असं नाही. प्लेटच्या आत ताण कोंडलेला असतो. प्लेट जिथे बनते त्या कारखान्यात ती ताणून तो कमी करतात तरी थोडा राहतो, आणि तुम्ही एकाच बाजूनं नव्वद टक्के माल काढलात तर उरलेलं वाकणारच. थोडं या बाजूनं, उलटवून थोडं त्या बाजूनं, शेवटचा हात अगदी हलका. लांब पार्ट असेल तर तापमान पण बघा, दहा मीटरचा ॲल्युमिनियम स्पार (पंखातली लांब तुळई) दहा डिग्रीत दोन मिलिमीटरच्या वर वाढतो. मशीनवरून गरम उतरलेला पार्ट घेऊन मापायला येतात आणि आमच्याशी भांडतात!

टेपवाला:
बरोबर. आणि उलटवताना खाली एक चिप जरी राहिली ना, समज 0.3 मिलिमीटरची, तर प्लेट तिथे तेवढी उचलली जाते आणि पॉकेटचा दीड मिलिमीटरचा तळ त्या जागी 1.2 चा होतो.

नवा_ऑपरेटर:
मी तर एअर गननं साफ करतो बेड.

टेपवाला:
अरे त्यानंच तर चिप्स व्हॅक्यूमच्या खोबणीत जाऊन बसतात. मशीन बंद असताना आधी ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, मग कापड, आणि शेवटी मोकळा तळहात सगळ्या बेडवरून हळू फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही ते हाताला टोचतं.