१९४५ ची कार ९८ के: घासून चकचकीत करू की तशीच ठेवू?

हिरवी_पेटी:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहतो. जुन्या लष्करी रायफलींचा नाद आहे, पण जर्मन माल आजवर कधी घेतला नव्हता. शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाकडून त्यांच्या आजोबांची कार ९८ के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लष्करी रायफल, मिळते आहे. आजोबा युद्धात होते. रिसीव्हरवर (नळीच्या मागचा पोलादी सांगाडा) बीएनझेड आणि ४५ असं कोरलंय. काम मात्र फार ओबडधोबड आहे. रिसीव्हरवर हत्याराचे ओरखडे स्पष्ट दिसतात, संगीन लावायची खुंटी नाही, नळीखाली सफाईची सळई नाही आणि दस्त्यावरच्या पट्ट्या चक्क लाकडी स्क्रूंनी बसवलेल्या आहेत. वरची पट्टी काढली तर खाली दस्ता आडवा कापून पुन्हा चिकटवलेला. कुणीतरी वाट लावली आहे का हिची? पॉलिश पेपर मारून, दस्ता बदलून नीट करावी म्हणतो.

चाप_आणि_शिक्का:
हिरवी_पेटी, आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा, आणि दस्त्याला तर अजिबात हात लावू नका.

तुम्ही जे दोष म्हणून सांगितलेत, त्यातलं बहुतेक सगळं कारखान्यातूनच आलेलं आहे. बीएनझेड म्हणजे ऑस्ट्रियातल्या स्टायर गावची स्टायर-डाइमलर-पुख कंपनी. युद्ध लांबत गेलं तसं जर्मनांनी या रायफलीतलं एकेक काम वगळायला सुरुवात केली. संगिनीची खुंटी गेली, सळई गेली. चापाचं कडं आणि पट्ट्या धातूच्या ठोकळ्यातून कोरण्याऐवजी पत्र्यातून ठोकून काढायला लागले. पट्ट्या धरून ठेवणारी स्प्रिंग जाऊन स्क्रू आले. दस्त्याच्या बाजूला बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) उघडायला जी धातूची चकती असायची तीसुद्धा गेली आणि दस्त्याच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून काम भागवलं. यालाच संग्राहक क्रीग्समोडेल, म्हणजे युद्धकाळातला नमुना, म्हणतात. १९४० च्या सुरुवातीची रायफल शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. तिच्यावरची निळी झिलई अगदी आरशासारखी असते. उशिराच्या बऱ्याच रायफलींवर करडा, खरखरीत फॉस्फेटचा लेप दिसतो, आणि एकाच रायफलीवर दोन्ही रंगांचे भाग सापडणं नवलाचं नाही.

ते ओरखडे मला फार मोलाचे वाटतात. स्टायरच्या कामाला माउटहाउझेन छळछावणीच्या गूझेन या उपछावणीतले कैदी जुंपलेले होते. वायमारच्या गुस्टलॉफ कारखान्याचंही तेच, तिथे बुखेनवाल्डचे कैदी होते. कोणत्या ओरखड्यामागे कोणाचा हात होता हे कुणी सांगू शकणार नाही, पण त्या वर्षाचा दाब, लोखंडाची टंचाई, कामाची घाई, हे सगळं त्या पृष्ठभागावर उतरलेलं आहे. घासलंत तर ते कायमचं जाईल. आणि घासलेल्या रायफलीची किंमतही अर्ध्यावर येते, हे व्यवहारातलंही सांगून ठेवतो.

आता त्या कापाबद्दल. अमेरिकन सैनिक रायफली मोठ्या कापडी पिशव्यांत (डफल बॅगांत) घालून घरी आणत. दस्ता लांब पडायचा, म्हणून पट्टीखाली, जिथे बाहेरून दिसणार नाही, तिथेच करवतीने कापायचे. संग्राहकांत त्याला डफल कट म्हणतात. किंमत थोडी कमी होते खरी, पण रायफल मधल्या काळात कुठल्या सरकारी डेपोत उघडली गेली नसावी याची ती चांगली खूण आहे. त्या कुटुंबाला विचारा, आजोबांच्या कागदांत वरिष्ठाच्या सहीचा लुटीच्या शस्त्राचा दाखला आहे का. असेल तर तो रायफलीबरोबरच मागून घ्या, वेगळा कधीच मिळत नाही.

जुना_गंज:
चाप_आणि_शिक्का यांच्याशी सहमत. एक जोड देतो. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी कार ९८ के सोव्हिएत हाती पडून नंतर इकडे आल्या. त्यांच्या रिसीव्हरवर बरेचदा एक्स ठोकलेला असतो, दस्त्यावर लाखेचा जाड थर असतो, आणि बोल्टवर मूळचा खोडून रायफलीचा क्रमांक विजेच्या लेखणीने किंवा ठोकून पुन्हा घातलेला असतो. विकणारा 'सगळे क्रमांक जुळतात' म्हणतो, पण ते जुळवून घेतलेले असतात. शिवाय आयातदाराचं नाव कुठेतरी कोरलेलं असतंच. भिंगातून नळीचा प्रत्येक इंच पाहा.

हिरवी_पेटी:
फार आभार. एक्स नाही, आयातदाराचं नाव नाही. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी रिसीव्हरसारखाच पूर्ण क्रमांक आहे. पण पट्ट्यांवर आणि चापाच्या कड्यावर काहीच नाही. ते भाग बदललेत का? आणि गोळी झाडायला सुरक्षित आहे का?

चाप_आणि_शिक्का:
आधीच्या रायफलींत लहान भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असत. शेवटच्या महिन्यांत तेही बंद होत गेलं. कोऱ्या पट्ट्या १९४५ मध्ये मला साजेशाच वाटतात. उलट ४५ च्या रायफलीत प्रत्येक स्क्रूवर सुबक अंक दिसले असते तर मी जास्त घाबरलो असतो. बोल्टवरचे अंक मात्र भिंगातून पुन्हा तपासा: रिसीव्हरवरच्या अंकांसारखेच वळण आणि खोली आहे का, आणि खाली आधीचा क्रमांक पुसल्याचा खळगा दिसतो का. गरुडाखाली डब्ल्यूएए ६२३ हा जर्मन लष्करी तपासणीचा शिक्का स्टायरचा, तो कुठे कुठे आहे ते लिहून ठेवा.

झाडण्याआधी बंदुकांच्या कारागिराकडून हेडस्पेस गेजने (बोल्ट बंद असताना काडतुसाला किती जागा उरते ते मोजणारं माप) तपासून घ्या. बाहेरून ओबडधोबड असली म्हणून आतून कच्ची असेलच असं नाही, पण ऐंशी वर्षांच्या लोखंडावर विश्वास गेज लावल्यावरच टाकायचा. काडतूस ७.९२ × ५७ मिमीचं, गोळीचा व्यास ०.३२३ इंच. जुनी लष्करी काडतुसं वापरलीत तर नळी त्याच दिवशी पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावा. त्यांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतले क्षार रात्रीत गंज चढवतात. दस्ता मऊ कपड्याने पुसा, थोडं जवसाचं तेल चालेल, वॉर्निश नाही. आणि चिकटवलेल्या दस्त्यावर फार गोळ्या झाडू नका, तो सांधा गोळीचा मागचा धक्का पेलायला केलेला नाही.

परवान्याचं म्हणाल तर जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांसाठीचा संघीय परवाना काढा. फी तीन वर्षांना ३० डॉलर आहे. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो आधी वाचा.

फोटो टाकाल तेव्हा रिसीव्हरचा डावा भाग तिरक्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारलात तर शिक्के दिसत नाहीत.