मदत हवी आहे : नववीला 'भारतीय संस्कृती' शिकवताना मुलांचं घर वर्गात कसं आणू?

नमस्कार. सोलापुरात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववीला इतिहास शिकवते. वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात.

'भारतीय संस्कृती' या विषयावर तक्ते करायला सांगितले, तर बहुतेकांनी ताजमहाल, मोर आणि तिरंगा काढला. तक्ते देखणे, पण सोलापूर त्यांत कुठेच नाही. वडील यंत्रमागावर असलेल्या एका मुलीला विचारलं, मार्कंडेयाचा रथ का नाही काढलास? (सोलापुरातल्या तेलुगू विणकर समाजाची ही रथयात्रा.) म्हणाली, "मॅडम, ते आमच्या घरचं आहे. पुस्तकातलं नाही."

ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, आपण रोज म्हणतो ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिलेली आहे. १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. पाठीमागच्या बाकांवरची मुलं एकदम ताठ बसली. 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा' हे शब्द त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच कान देऊन ऐकले असावेत. मग सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे त्यांच्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत हे सांगितलं, तेव्हा दोघांनी आजीला विचारून येतो म्हटलं. आलेही!

पण पुढे गाडी अडली. एकाने सहज विचारलं, "म्हणजे गड्डा यांचा आणि रथ त्यांचा, असंच ना?" (गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा.) मी वाटण्या करायला निघाले नव्हते. 'आपापल्या घरचं सांगा' म्हटलं की मुलं पटकन जात आणि धर्म मोजायला लागतात, आणि काही जण गप्पच बसतात. त्या गप्प बसणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

१२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे : १९३१ साली येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. लगेच संक्रांत, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्डा. तेव्हा या दिवसांतच काहीतरी करावं असं मनात आहे. आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला लावाव्यात, की चादर-टॉवेलच्या कामापासून सुरुवात करावी? कामात सगळ्यांचे हात दिसतील असं मला वाटतं, पण खात्री नाही.

हाताशी फक्त दोन तास आहेत, खर्चाला पैसे नाहीत. असं कुणी वर्गात केलं असेल तर मुलांना पहिला प्रश्न नेमका काय विचारलात, तेवढं तरी सांगा. आणि याला गुण कसे द्यायचे? घरच्या आठवणीला दहापैकी सहा द्यायला माझा हात धजत नाही.