'खरं सांग, कसं झालंय?' : मत मागितल्याचे आणि दिल्याचे अनुभव

रानजाई
काल भाचीने गझल लिहून आणली. "मावशी, खरं सांग हं, छान-बिन म्हणू नकोस." आणि मला एकदम नागपूरचे काका आठवले. कॉलेजात असताना मी त्यांना गझला पाठवायचे, निळ्या आंतरदेशीय पत्रावर उत्तर यायचं. माझी ओळ होती 'तुझ्या अंगणातून वारा फिरला'. त्यांनी ती उतरवून 'फिरला'खाली रेघ मारली आणि लिहिलं, "भुजंगप्रयात वृत्त ना? लगागा (लघु-गुरु-गुरु) चारदा. शेवटच्यातला लघु कुठे गेला? शोध." दुरुस्त करून दिली नाही! बसमध्ये, भांडी घासताना पुटपुटत होते. 'वारा निघाला' सुचलं तेव्हाचा आनंद अजून आठवतो. ओळ माझीच राहिली. तुम्हाला असं कोणी भेटलं? तुम्ही कुणाला कसं सांगता?

अवकाळी
सुरेश भट नवोदितांना 'गझलेची बाराखडी' ही नियमांची पुस्तिका टपालाने पाठवायचे. बाबांकडे आहे, पिवळी पडलीय. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, वारा-तारा घेतलं की पुढे झरा चालत नाही, अलामत (यमकातला न बदलणारा स्वर) मोडते, हे मला बाबांनी ती समोर ठेवून शिकवलं. नियम हातात असला की सांगणाऱ्याचा राग येत नाही.

पडद्यामागे
पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, रंगीत तालीम. सगळे सीनियर "भारी रे" म्हणून वडापाव खाऊन गेले. एक ताई मात्र वही घेऊन शेवटच्या रांगेत. चारचौघांत काही बोलली नाही, नंतर जिन्यात गाठलं. "रडतोस तेव्हा पाठ आमच्याकडे असते आणि वाक्याचा शेवट गिळतोस. 'आई'च्या पुढचं मागे काहीच आलं नाही." त्याच रात्री तोंड फिरवून प्रवेश परत बसवला. आता मी पोरांच्या तालमी बघतो, मागेच बसतो.

सीमा_टी
@पडद्यामागे कुठलं वर्ष?? आम्ही पण भरत नाट्य मंदिरात! 'अरे आवाज कुणाचा' करून घसा बसायचा

पडद्यामागे
२००९. तुमच्याच आरोळ्या असणार त्या :)

कोथिंबीर
पोळ्या लाटता लाटता लिहितेय. जाऊबाईंना चकली दिली, म्हणाल्या छान. मग विचारलं, "आत मऊ लागते का?" तेव्हा बोलल्या! आच मोठी ठेवतेस, वरून रंग येतो, आत कच्ची राहते. नेमकं विचारलं की माणसं सांगतात हो, नाहीतर समोरच्याला बिचाऱ्याला संकोच.

नदीकाठ
मला उलटा अनुभव. एका जाणत्या माणसाने वही चाळून "तुझा पिंड नाही" म्हटलं, बस. कित्येक वर्षं लिहिलं नाही. ओळीबद्दल बोलले असते तर ओळ बदलली असती, पिंडाचं काय करणार?

रानजाई
नदीकाठ, फार वाईट वाटलं गं. वही आहे ना अजून? एक पाठव मला. फक्त आधी सांग कशाबद्दल हवंय, वृत्त की आशय. न विचारलेलं बोलणार नाही.

सीमा_टी
नदीकाठ, लिही गं. 🤗

नदीकाठ
आधी वृत्तच. देवप्रियात आहे बहुतेक. उद्या पाठवते, आज पाहुणे आहेत.

कोथिंबीर
देवप्रिया म्हणजे?

अवकाळी
गालगागा गालगागा गालगागा गालगा. टाळी वाजवत म्हणा, बसेल. आणि जाऊबाईंना भाजणीचं प्रमाण विचारा ना, आमच्याकडे मोहन जास्त झालं की चकली तेलातच विरघळते.

कोथिंबीर
विचारते. संध्याकाळी फोन आहेच त्यांचा.