गोंडे शर्टाच्या आत की बाहेर? (आणि निळा दोरा मध्येच कुठून आला?)

अश्दोदकर काका
परवा इथे ठाण्याहून इस्रायलमध्ये लोदला गेलेल्या एका पोराने फोटो टाकला. जाड लोकरीची छोटी सिसिथ, म्हणजे चार कोपऱ्यांना गोंडे लावलेलं आपलं अंगात घालायचं धार्मिक वस्त्र, शर्टावरून घातलेली, काळे पट्टे, गोंडे गुडघ्यापर्यंत लोंबताहेत, प्रत्येक गोंड्यात निळा दोरा. फोटोबद्दल तक्रार नाही. खालची ओळ मात्र डोक्यात गेली: "आजोबा-पणजोबांनी सुती सिसिथ शर्टात दडवली, कारण त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. आता तरी नीट पाळू या."

दडवली? अरे, आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आपली रीत सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंची. सेफार्दी माणूस छोटी सिसिथ शर्टाच्या आत घालतो, गोंडेही आतच ठेवतो. सफेदचे गूढवादी रब्बी अरीझल यांचे शिष्य हेच सांगून गेले, आपल्या काळात इस्रायलचे एकेकाळचे सेफार्दी मुख्य रब्बी हखाम ओवादिया योसेफ यांनीही हेच सांगितलं. मी अश्दोदला आलो तेव्हा गोंडे बाहेर काढलेला माणूस दिसला की तो बेने ब्राकचा, म्हणजे कर्मठ अश्केनाझींच्या (युरोपीय ज्यूंच्या) गावचा, हे न विचारता कळायचं. आता आपलीच पोरं अश्केनाझी यशिवात (धर्मपाठशाळेत) दोन वर्षं काढतात आणि परत येऊन घरच्यांना धर्म शिकवतात. काळे पट्टेही तिथलेच. जुन्या मशिदीत (आपल्या प्रार्थनालयात) माझ्या वडिलांच्या मोठ्या, पांघरायच्या सिसिथवर पांढऱ्यावर पांढरे पट्टे होते, तेही उजेडात धरल्याशिवाय दिसायचे नाहीत.

आणि सुताचं म्हणशील तर मे महिन्यात अंगात लोकर घालून भायखळ्याहून चर्चगेटच्या ऑफिसला जाऊन दाखव. मग बोलू.

ठाणे ते लोद
काका, तो पोरगा मीच. आजोबांना मी अडाणी म्हटलेलं नाही.

पण हखाम ओवादियांचं नाव घेता तर शुल्हान आरूखही उघडा, सेफार्दी योसेफ कारोंचा धर्मनियमांचा ग्रंथ. ओराह हाईम 8:11. छोटी सिसिथ कपड्यांवरून घालावी म्हणजे सतत नजरेस पडेल, असं योसेफ कारो स्वतः लिहितात. कारो बेने ब्राकचे होते का? तोरातही (मोशेच्या धर्मग्रंथातही) सरळ लिहिलंय, गोंडे पाहावेत आणि आज्ञा आठवाव्यात. शर्टात खोचलेलं पाहणार कसं?

आता सूत. 9:1 बघा. कारोंच्या मते लोकर आणि लिनन यांनाच गोंडे लावणं ही तोराची आज्ञा, बाकी कापडांवर ती रब्बींनी घातलेली. सगळी कापडं सारखीच, असं म्हणणारे रेमा, त्याच ग्रंथावर टिपा लिहिणारे. रेमा क्राकोचे, म्हणजे अश्केनाझी! सुती सिसिथ घालून सेफार्दीपणाचा अभिमान सांगताय, हे जरा गमतीचं नाही का?

अश्दोदकर काका
गंमत तुला वाटते. विल्नाचे गाओन आणि हझोन ईश, एवढे थोर रब्बी, दोघंही सुतीच घालायचे. मोठ्या लोकांना चाललं, आमच्या कारकून बापाला नाही?

ठाणे ते लोद
ते दोघेही अश्केनाझीच, काका. 🙂

दिमोना_मिलुईम
दोघंही घरी एसीत बसून भांडताय. ऑक्टोबर 2023 नंतर राखीव सैनिक म्हणून गेलो तेव्हा आम्हाला सिसिथ मिळाली ती लष्करी हिरवी. लोक ठिकठिकाणी बसून सैनिकांसाठी गोंडे बांधत होते, तरी पुरत नव्हते. ज्यांनी बार मिट्झवानंतर (तेराव्या वर्षीच्या विधीनंतर) कधी घातली नव्हती तेही मागत होते. माझी जाळीदार होती, घाम लगेच वाळायचा. लोकर की सूत, हे एकानेही विचारलं नाही. आत की बाहेर हा प्रश्नही नव्हता, वरून चिलखती जाकीट होतं.

ठाणे ते लोद
दादा, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण जाळीदार म्हणजे पॉलिएस्टर असेल तर त्यावर बराखा (आशीर्वचन) म्हणायची की नाही, इथपासून प्रश्न आहे. रव मोशे फाइनस्टाइन तर कृत्रिम धाग्याच्या कापडाला गोंडे लागतच नाहीत म्हणतात.

दिमोना_मिलुईम
बरं. पुढच्या वेळी बोलावणं आलं की आधी तुला फोन करतो.

नवगावची लेक
खरी मेख कुणीच काढत नाहीये. आत-बाहेर सोडा, तो निळा दोरा कुठून आला? आपल्या कुणाच्याही घरात नव्हता. हखाम ओवादियाही त्याच्या बाजूचे नव्हते.

ठाणे ते लोद
तोरात आहे म्हणून आला. गणना 15:38. रंग करायची विद्या तेराशे वर्षांपूर्वी हरवली म्हणून सगळे पांढऱ्यावर आले. आता रंगाचा प्राणी सापडलाय, म्युरेक्स नावाची समुद्रातली शंखाची गोगलगाय. हैफाजवळच्या शिकमोना टेकडीवर या रंगाच्या प्राचीन कारखान्याचे अवशेषही निघालेत. अडचण एकच होती, रंग जांभळा यायचा. 1980 च्या दशकात शेनकर कॉलेजच्या ऑटो एल्सनर यांच्या लक्षात आलं की रंगाचं द्रावण उन्हात ठेवलं तर लोकर निळी निघते. उन्हाने त्यातला ब्रोमीन सुटतो.

थळचा
गोगलगाय?? खवले आणि पर बघून मासा निवडणारे म्हणून आपण ज्यू आहोत हे आपले पहिले धर्मशिक्षक राहाबी यांनी ओळखलं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. आणि आता गोंड्यात गोगलगाय बांधायची? तालमूदमध्ये (रब्बींच्या जुन्या चर्चाग्रंथात) तर हिल्लाझोनचं, म्हणजे निळा रंग देणाऱ्या प्राण्याचं, रूप माशासारखं, तो सत्तर वर्षांतून एकदा वर येतो असं आहे. तुमची गोगलगाय रोज जाळ्यात येते.

ठाणे ते लोद
खायची नाहीये, काका. रंग काढायचाय.

थळचा
तेच मागच्या वेळीही सांगितलं होतं. पोलंडमधल्या राद्झिनच्या रब्बींनी 1880 च्या दशकात म्हाकुलाच्या शाईतून निळा रंग काढला, हजारो लोकांनी बांधला. पुढे रव हर्झोग यांनी 1913 च्या लंडनच्या प्रबंधासाठी तपासून घेतला तेव्हा तो निघाला प्रशियन ब्लू. रंग येत होता तो भट्टीत टाकलेल्या लोखंडाच्या कीसाने, म्हाकुलाचा संबंधच नव्हता. थळच्या बाजारातलं कुठलंही मटण टाकलं असतं तरी निळंच निघालं असतं. राद्झिनवाले आजही तोच बांधतात. उद्या गोगलगायीचंही असंच निघालं तर?

नवगावची लेक
शिवाय उन्हात ठेवून जे निघतं ते नीळच की. रसायन तेच, आपल्या नीळीच्या झाडातलं. आणि खोटा निळा दोरा म्हणून तालमूद ज्या काला इलानवर तुटून पडतो, तो म्हणजेही नीळ. जिच्यावर रब्बी इतके चिडले तिचं रसायन या महागड्या दोऱ्यात मिळतं, हे मला अजून पचत नाही.

ठाणे ते लोद
ताई, तालमूदचा राग फसवणुकीवर आहे. नीळ लावून तेखेलेत (तोरातला खरा निळा) म्हणून विकणाऱ्यावर. दोन्ही रंग नजरेने ओळखता यायचे नाहीत म्हणून तर फसवणूक व्हायची. यातून गोगलगायच बरोबर ठरते!

नवगावची लेक
हा मुद्दा मात्र बरा आहे. त्रासदायक, पण बरा.

पुणे लाल देऊळ
बरोबर आहे तर गोंड्याच्या आठ पदरांपैकी किती निळे? जुन्या रब्बींपैकी रांबाम म्हणतात एक, राआवाद म्हणतात दोन, राशी म्हणतात चार. दुकानात तिन्ही मिळतात. प्रत्येकाची गुंडाळायची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे 10-5-6-5 चे वेढे, एवढं पोरांना शिकवताना माझा जीव जातो.

अश्दोदकर काका
म्हणजे तेराशे वर्षांनी रंग सापडला आणि तीन मतं तयारच होती. वा.

आता मनातलं सांगतो. मला निळ्याचं वावडं नाही. पण या देशात आम्हाला कुणीतरी सतत "नीट" व्हायला सांगत आलंय. 1962 मध्ये रब्बानूतने (इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने) फर्मान काढलं, बेने इस्रायलचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अडलं. वडील रोज पहाटे सिसिथ पांघरून शेमाची प्रार्थना म्हणायचे, ती सिसिथ त्या कचेरीत कुणी पाहिली नाही. 1964 मध्ये आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, क्नेसेतने (संसदेने) ठराव केला, तेव्हा कुठे मिटलं. त्यामुळे "शिकवणारं कुणी नव्हतं" हे आपल्याच पोराच्या तोंडून ऐकलं की तिडीक जाते. बाकी सगळं तुझं राहू दे, बाळा, पण ही ओळ काढ.

ठाणे ते लोद
काका, 1964 चा आणि गोंड्यांचा संबंध काय? तुम्ही प्रत्येक चर्चेत 1964 आणता. मागे मलिद्याच्या पोह्यांवरून चर्चा चालली होती, तिथेही आणलंत.

थळचा
जीभ सांभाळ.

ठाणे ते लोद
माझंही ऐका मग. यशिवात पहिल्या शब्बाथला मी सिसिथ पांघरली तर शेजारचा म्हणाला, लग्न झालंय का तुझं? त्यांच्यात लग्नानंतरच पांघरतात. मी म्हटलं, आमच्यात बार मिट्झवापासून. सगळे हसले. मी काढली नाही. शेवटपर्यंत एकटा अविवाहित सिसिथवाला होतो. तेव्हा आपली रीत मी सोडली वगैरे सांगू नका. जिथे पटली तिथे धरली, जिथे पुस्तकात वेगळं दिसलं तिथे बदलली.

ओळ बदलतो. "शिकवणारं कुणी नव्हतं" काढून "वेगळं शिकवलं होतं" करतो. चालेल?

अश्दोदकर काका
"दडवली" पण काढ.

बीरशेबाची मावशी
झालं पुरुषांचं? लोकरीची सिसिथ चाळीसच्या पाण्यात टाकून आटवता कोण, आणि गोंडे मशीनच्या भोकात अडकले की सोडवायला हाका कुणाला मारता? इतका शुल्हान आरूख काढलात तर 14:1 पण काढायचा होता. बाईने बांधलेले गोंडे चालतात, असं कारोंनी लिहिलंय. नाक मुरडतात ते रेमांकडचे. माझ्या आईने माझ्या तिन्ही भावांचे बांधले, मी नातवांचे बांधते. तुमच्यापैकी किती जणांना गाठ तरी येते?

ठाणे ते लोद
मला येते, मावशी.

दिमोना_मिलुईम
मला नाही. हिरवीचा एक गोंडा तुटलाय, पाठवू का?

बीरशेबाची मावशी
पाठव. धुऊन पाठव.

पुणे लाल देऊळ
विषयाला सोडून विचारतो, दिवाळीच्या सुट्टीत इस्रायलहून कुणी पुण्याला येतंय का? पुतण्याचा बार मिट्झवा आहे. एक मोठी सिसिथ हवी. पातळ लोकर, पांढरे पट्टे, साधे गोंडे. निळा दोरा नको.

ठाणे ते लोद
मी येतोय, आणतो. पण निळा का नको?