चिपीची मुंबई फेरी हवी की तुतारीला जादा डबे?

परुळ्याचो झील, दादर
९ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरलं. तो सडा म्हणजे आमची गुरं चरायची जागा, नुसता जांभा आणि करपलेलं गवत. त्यावर २,५०० मीटरची धावपट्टी झाली. पुढच्याच वर्षी आईला विमानाने मुंबईला आणलं. सत्तर आसनांचं ते विमान. खिडकीबाहेर पंखा गरगरत होता आणि तिने तासभर माझं मनगट सोडलं नाही. गाडीने आलं की तिचे गुडघे सुजतात, त्या दिवशी उतरून ती सरळ चालत निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेरी थांबली. सिंधुदुर्गातलं अर्धं घर मुंबईत असतं, मुंबईच नसेल तर विमानतळ कशाला? सरकारने पदरचे पैसे घालून ही फेरी चालवायला हवी.

लालबागची माहेरवाशीण
दादा, आईंचं पटलं, पण पैशांचं नाही. लहान विमानतळांसाठीच्या केंद्राच्या उडान योजनेत मार्गाला तीन वर्षं मदत मिळते. मदतीची मुदत सरली आणि फेरीही गेली, म्हणजे नुसत्या तिकिटांवर ती उभी राहू शकत नव्हती. त्यात जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या बांद्याचा माणूस चिपीला कशाला जाईल? गेल्या गणपतीत माझा भाऊ दादर-सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेसमध्ये संडासाच्या दाराशी उभा राहून कणकवलीपर्यंत गेला. आधी डबे वाढवा, आणि जिल्ह्यातलं इस्पितळ असं करा की डोक्याला मार लागलेल्या माणसाला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात पळवावं लागणार नाही.

सांताक्रूझकर
विमानतळावर नोकरी करतो म्हणून सांगतो, खरी अडचण मुंबईत आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. सत्तर माणसांचं विमान काय आणि एकशे ऐंशींचं काय, उतरायची वेळ दोघांनाही एकेकच लागते. मग लहान विमानाला सोयीची वेळ कोण देणार? रोज ठरल्या वेळी सुटेल याची खात्री नसली की लोक मोपा धरतात. नवी मुंबईच्या विमानतळावर चिपीसाठी सकाळची एक वेळ कायमची राखून ठेवा, मग प्रवासी मोजा.

लालबागची माहेरवाशीण
वेळ राखायला माझी हरकत नाही. तिकिटामागे सरकारी पैसे घालायला आहे.

परुळ्याचो झील, दादर
ताई, बांद्याला मोपा जवळ, पण मालवण-वेंगुर्ल्याला चिपीच जवळ. डबे वाढायलाच हवेत, त्यासाठी सही मागाल तिथे करीन. पण कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली तेव्हाही लोक विचारायचे, या डोंगरातून गाडी कोणासाठी? तीन वर्षांत हात आखडू नका, एवढंच म्हणणं आहे. मे महिन्यात आवशीक गावी सोडायची आहे. मध्यरात्रीच्या तुतारीचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ मिळालाय. गुडघ्यांना बांधायच्या पट्ट्याही घेऊन ठेवल्यात.