मदत हवी आहे: हित्तींच्या दफ्तरातल्या परक्या भाषा

मंडळी, तुर्कस्तानातल्या बोआझकॉयला, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात तिथे राज्य करणाऱ्या हित्तींच्या हत्तुशा राजधानीत, मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. हित्ती, अक्कडी, लुवी, पलाई, हुर्री सगळ्या एकाच दफ्तरात! २०२३ मध्ये त्यात कलाश्मा नावाच्या प्रांताच्या भाषेची भर पडली. हित्ती भाषेतल्या विधीत मध्येच सूचना येते, की आता पुढचं कलाश्माच्या भाषेत म्हणा. परक्यांचे देव त्यांच्याच बोलीत आळवणारं राज्य, कमालच आहे.

मला विचारायचंय, हे म्हणणारा पुजारी त्या प्रांतातलाच असे, की राजधानीतला कुणी नुसतं घोकून म्हणे? याबद्दल पुरावा काय? वाचायला सुचवा, इंग्रजी चालेल, जर्मन झेपत नाही. मितानीचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या अश्वविद्येतले, संस्कृतशी जुळणारे ‘ऐक, तेर, पंझ’ (एक, तीन, पाच) हे आकडे ठाऊक आहेत, तेवढंच परत नको!